पाक ढवळू नये

कुंद्याच्या गावची माणसे आम्ही. बेळगावकरांना साखरेचे गुण कोणी शिकवावेत असे नाही. तरीही गतवर्षी आजीच्या पंचाहत्तरीला मी केक करावयास घेतला, तेव्हा साखरेने माझी पुरती फजिती केली. कँपातील एका बेकरीच्या काचेआड पाहिलेला आरशासारखा गुळगुळीत केक माझ्या मनात भरला होता. त्यावरील तो पांढरा मुलामा म्हणजे फाँडंट. घोटलेला पाकच तो, केकवर ओतावयाचा.

केक आजीकरिता बिनअंड्याचा केला. तो फुलला, त्याविषयी अधिक सांगण्याजोगे नाही. मग अर्धा किलो साखरेत दीडशे मिलिलिटर पाणी घालून पाक उकळला. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला त्याचा थेंब थंड पाण्यात मऊ गोळी धरतो. गोळी धरली. पण उतावीळपणाने मी तो कढत असतानाच घोटू लागले आणि पाहता पाहता पातेल्यात वाळूसारखा रवाळ गोळा जमला.

त्याच्या आदल्या वर्षी पडल्यापासून आजीचा हात थरथरे. तिने शेगडीजवळ यावयाचे नाही, असा घरात नियमच झाला होता. तिला कोणी काही विचारीतही नसे, हे लिहिताना आज लाज वाटते. पातेल्याची खरखर ऐकून ती दारातून म्हणाली, "कढत पाक ढवळलास ना गं?"

फाँडंट हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. परंतु संक्रांतीचा हलवा तिने पन्नास वर्षे केला होता. मंद शेगडीवर परातीत तीळ फिरवीत थोडाथोडा पाक घालावयाचा, म्हणजे दाण्यावर साखर जमून काटा येतो. "इथे काटा नको, तर उलट वाग," एवढेच ती म्हणाली.

तिच्या सांगण्यावरून गोळ्यात पाणी व थोडा लिंबाचा रस घालून मी पुन्हा उकळी आणली. (आंबटाने काही साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि ती मोठे स्फटिक जमू देत नाहीत, हे विज्ञानाच्या बाईंनी मागाहून सांगितले.) कडेला चिकटलेला एक रवाही सारा पाक बिघडवितो, म्हणून ओल्या फडक्याने पातेल्याच्या कडा पुसून घेतल्या. पुढे पातेल्यास हात लावावयाचा नाही! आजी खुर्ची टाकून पहाऱ्यास बसली. बोटाला सोसेल इतका पाक निवल्यावर हुकूम आला, "आता घोट." माझे दंड भरून आले, पण पाक दुधासारखा पांढरा झाला.

दुसऱ्या दिवशी तो गरम पाण्यावर ठेवून कोमट केला. फार तापला तर तकाकी जाते. केक जाळीवर ठेवला, त्यावर जॅमचा पातळ थर दिला आणि मध्यभागी एकच धार सोडली. "सुरी लावू नकोस," आजी म्हणाली. मी लावलीच! एका बाजूस ओरखडा उमटला. पाहुणे आले तेव्हा आजीने ताटली फिरवून नेमकी तीच बाजू पुढे केली आणि म्हणाली, "हा आम्हा दोघींचा केक."

येत्या संक्रांतीस परातीत बोटे माझी फिरावयाची आहेत. तीळ तिने आजच निवडून ठेविले आहेत.