खुडणी आणि तिचा कर्ता

कुणाची फाजील स्तुती झाली की आपण त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले असे म्हणतो. हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना आम्हां दोघांनाही एकच अडचण येते. समोरच्या निम्म्या मुलांनी ते झाड पाहिलेलेच नसते. ते जेमतेम गुडघ्याला लागते, हे सांगितल्यावर विनोद पोचतो. ते उंच वाढावे अशी शेतकऱ्याचीही इच्छा नसते, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

लातूरकडच्या काळ्या रानात दिवाळीच्या आगेमागे हरभरा पेरतात. महिना-सव्वा महिन्याने रोप वीतभर झाले, की त्याचे कोवळे शेंडे खुडायचे. अंगठा आणि तर्जनीची चिमूट, नखाचा हलका दाब, आणि शेंडा ओच्यात. मग पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात आणि झाड आडवे पसरते. जितक्या फांद्या तितकी घाट्यांना जागा. फुलकळी दिसू लागली की हात आवरायचा. आणि रानात ओल नसेल तर मुळात हात लावायचाच नाही, कारण नव्या फांद्यांना पाजायला पाणी कुठून आणणार?

शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते, हे थिमन आणि स्कूग यांनी १९३३ च्या सुमारास एका शेंगवर्गीय रोपावर दाखवले. शेंडा छाटून त्या जागी ऑक्झिन लावले, तर डोळे मिटलेलेच राहत. वाटाण्यावरील २०१४ च्या संशोधनाने त्यात भर घातली. शेंडा गेला की त्याच्याकडे जाणारी साखर आधी डोळ्यांकडे वळते. वरच्याचा धाक आणि वरच्याची भूक, दोन्ही एकदम सरतात म्हणायचे.

खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते, उरलेले वाळवून ठेवतात. कच्च्या पानांवर तिखट-मीठ-तेल घालून केलेल्या घोळाण्याची सर आम्हांला तरी कुठल्या कोशिंबिरीला वाटत नाही. पानांवरची आंब बोटांना लागते, आणि दिवसभर खुडणाऱ्या बाईच्या हाताच्या भेगांत ती चरचरते.

मराठीचे अध्यापक असल्यामुळे असेल, शेतीच्या पुस्तिकांमधले 'शेंडे खुडावेत' हे वाक्य आम्हांला अडवते. प्रयोग कर्मणी, कर्ता लुप्त. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक रानात हा लुप्त कर्ता स्त्रीलिंगीच होता. आमच्यापैकी एकीच्या आईने उभा जन्म स्वतःच्या घरच्या रानात खुडणी केली. कुठला पट्टा कधी खुडायचा, हे तीच ठरवी. सातबाऱ्यावर तिचे नाव आले ते वडील वारल्यावर, वारस म्हणून. त्या दिवशी तिने उताऱ्याचा कागद उलटसुलट पाहिला आणि आधीच्या वर्षांचे काय, असे विचारले. आम्हां दोघांच्या पदव्यांना त्याचे उत्तर देता आले नाही.

तुरीचे शेंडे छाटणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रे आता आमच्या भागात रुळली आहेत. आम्ही पाहिली ती सारी पुरुषांच्या हातात. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या रानात तेच यंत्र हरभऱ्यावरून फिरताना दिसले. काम झपाट्याने उरकत होते, शेंडे मात्र ओळींमध्ये मातीत पडत होते. आई पदर खोचून बांध ओलांडून गेली आणि यंत्राच्या मागे वाकून ते वेचू लागली.