अधिक महिना, रमजान आणि आठवी ब

मराठी शाळेतल्या मुलाला इस्लामबद्दल काय माहीत असतं? चौथीत अफझलखान, मग शाहिस्तेखान, मग औरंगजेब. शीरखुर्मा आणि बिर्याणी हा तोंडी परीक्षेचा भाग. उरलेलं ज्ञान घरच्या ग्रुपवरच्या फॉरवर्ड्समधून. मी काही वेगळा वाढलो असं नाही, पण आमच्या वेळी निदान फॉरवर्ड्स नव्हते.

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका शाळेत आठवीला इतिहास शिकवते. तिच्या वर्गात एक मुसलमान मुलगा आहे. एकच. टीव्हीवर काही आलं की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे त्याला गाठतात, "तुमच्यात असंच असतं का रे?" आता तेरा वर्षांचं पोर जगातल्या जवळजवळ दोन अब्ज लोकांच्या वतीने काय उत्तर देणार? त्याने डबा लायब्ररीत खायला सुरुवात केली. हे तिला कळलं आणि तिने मला फोन केला. "दोन शनिवार ये. आणि प्लीज, सर्वधर्मसमभावावर भाषण नको. ते त्यांनी शंभरदा ऐकलंय, झोपतात."

भाषण मलाही जमत नाहीच. मी 'अल्गोरिदम' या शब्दापासून सुरुवात केली. हा शब्द अल-ख्वारिझ्मी या नवव्या शतकातल्या बगदादच्या गणितज्ञाच्या नावावरून आला. 'अल्जिब्रा'सुद्धा त्याच्याच पुस्तकाच्या नावातला. त्याने भारतीय अंकांवरही पुस्तक लिहिलं, त्याचं लॅटिन भाषांतर झालं. म्हणजे आपले अंक बगदादमार्गे युरोपात गेले आणि त्या माणसाचं नाव अल्गोरिदम होऊन हिंजवडीत पोचलं.

पण खरी मजा कॅलेंडरमध्ये आली. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवस कमी. ही तूट भरून काढायला आपण साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतो. (जावयाला अनारसे मिळतात ते यामुळे.) इस्लाममध्ये असा महिना घालायला मनाई आहे, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. फळ्यावर लिहिलं, 2025 मध्ये रमजान 2 मार्चला सुरू झाला, आता पुढचं तुम्ही काढा. दहा मिनिटांत मागच्या बाकावरून ओरडा, "सर, 2030 मध्ये दोनदा येतोय! जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये!" बरोबर होतं.

तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. "पण सर, चंद्र दिसावा लागतो. आदल्या रात्रीपर्यंत नक्की नसतं." मग मी सांगितलं की दाऊदी बोहरा मात्र गणिताने आधीच ठरवतात, 30 वर्षांत 11 लीप वर्षं धरून. "म्हणजे मुसलमानांच्यातच वेगवेगळं असतं?" एका मुलीने विचारलं. तो प्रश्न मी तसाच सोडून दिला.

दुसऱ्या शनिवारी माझ्या टीममधला एक मित्र आला, चिपळूणकडचा. प्रश्न चिठ्ठीवर, नाव लिहायचं नाही, कुठलाही प्रश्न चालेल. पहिली चिठ्ठी, घरी उर्दू बोलता का? तो म्हणाला, आई ओरडते ती कोकणीतून, आणि लगेच ओरडून दाखवलं. वर्ग हसला. मूर्ती नाही तर समोर बघता काय? "भिंत!" मग किब्ला, मक्केची दिशा वगैरे नीट समजावून सांगितली.

नंतर ती चिठ्ठी आलीच. भारत-पाकिस्तान मॅचला कोणाच्या बाजूने? वर्ग एकदम गप्प. त्याने विचारलं, "हा प्रश्न तुम्ही अजून कोणाला विचारता? गणिताच्या सरांना विचारलाय कधी?" झहीर खान श्रीरामपूरचा हे त्यालाही माहीत होतं, पण तो पुरावा त्याने काढला नाही. बरं केलं. एकदा पुरावे द्यायला लागलं की ते संपत नाहीत.

तीन तलाकवर तो बराच बोलला. त्याच्या गावाजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला होता. फक्त सात. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 2017 मध्ये, कायदा 2019 मध्ये. "आणि माझ्या एका काकांना दलवाईंचं नाव अजूनही चालत नाही," त्याने हसत सांगितलं. "आमच्या घरी ईदला यावरून भांडण ठरलेलं असतं." मुलांना हे फारच ओळखीचं वाटलं. घरोघरी काका असतातच.

शेवटच्या चिठ्ठीत प्रश्नच नव्हता. 'बाई हजेरीला माझं नाव चुकीचं घेतात.' मैत्रिणीने ती मोठ्याने वाचली, खडू उचलला आणि म्हणाली, ज्यांचं ज्यांचं चुकतंय त्यांनी फळ्यावर लिहा. सहा जण उठले! त्यात एक कानडी मुलगी होती, एक केरळचा मुलगा होता, तोही होता. चिठ्ठी कोणाची ते कळलं नाही. (हजर, दप्तर, कागद, शाई हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेत, हे सांगायचं राहूनच गेलं.)

आता मशीद बघायला जायचं ठरतंय. पालकांच्या परवानगीच्या बेचाळीस चिठ्ठ्या घरी गेल्यात, एकतीस सह्या होऊन आल्यात. दोन पालकांनी 'आम्हीपण येऊ का?' असं खाली लिहिलंय. बाकीच्यांना मैत्रीण या आठवड्यात फोन करणार आहे, आणि मी बसचं बघतोय.