थांबण्याची सोय

घोडबंदर रस्त्यावरची किंवा कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीकडे सरकणारी गाडी संध्याकाळी धावते कमी आणि थांबते जास्त. हायब्रिड गाडी जणू अशाच रस्त्यांसाठी जन्माला आली. ब्रेकवर पाय पडला की तिची मोटर जनित्र होते, चाकांचा वेग वीज बनून बॅटरीत जातो आणि डिस्क-पॅडची पाळी शेवटी, गाडी अगदी उभी राहताना येते. त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. 2007 नंतर मुंबईत आलेल्या नव्या लोकलही याच तत्त्वावर थांबतात; त्यांची वीज वरच्या तारेत परत जाते. पण लोकलच्या देखभालीला कळव्याची कारशेड आहे. 2008 साली भारतात आलेली सिव्हिक हायब्रिड, 2010 ची प्रियस, 2013 ची कॅम्री हायब्रिड यांच्या मालकाला मात्र ब्रेकचा एखादा भाग गेला की दुकानं पालथी घालावी लागतात. माझं म्हणणं असं, की या शोधात खरी टंचाई लोखंडाची नाहीच. हरवलेली असते ती माहिती, आणि ती कुणीतरी मुठीत धरून ठेवलेली असते.

प्रियसचंच बघा. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून क्षणभर ‘घुर्र’ असा आवाज येतो. तो ब्रेकच्या पंपाचा. पंप ब्रेक ऑइल दाबून एका साठवणीत भरतो. तिथे नायट्रोजन वायूच्या जोरावर वातावरणाच्या शंभर पटींहून जास्त दाब तयार असतो. पेडल दाबल्यावर पायाचा जोर एरवी थेट चाकापर्यंत जात नाही. तो सेन्सर मोजतो, संगणक मोटरचा आणि पॅडचा वाटा ठरवतो आणि अॅक्च्युएटर तेवढंच ऑइल सोडतो. तो ‘घुर्र’ विनाकारण वारंवार येऊ लागला, की साठवणीतला दाब टिकत नसल्याचा संशय घ्यावा. 2013 च्या जूनमध्ये टोयोटाने याच साठवणीला बारीक तडे जाण्याच्या शक्यतेवरून जगभरातल्या सुमारे 2 लाख 42 हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. पॅड, होजपाइप, ब्रेक ऑइल हे सगळं थोड्या खटपटीने मिळतं. अडतं ते अॅक्च्युएटरपाशी. त्याचा नेमका पार्ट नंबर हवा, आणि तो बसवल्यावर एअर काढायलाही स्कॅनर हवा. वागळे इस्टेटमधला मेस्त्री हाताने कितीही तयार असला, तरी संगणकाला आज्ञा देणारं सॉफ्टवेअर त्याच्यापाशी नसेल तर त्याचं कसब बॉनेटपाशीच थांबतं.

ही तक्रार काही चार हौशी मालकांची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका यासाठी: अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ न देणं. भाग विका, त्यांच्या किमती संकेतस्थळावर जाहीर करा, असंही आयोगाने बजावलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यातही मोटारी आहेत. पोर्टल निघालं हे चांगलंच. पण पोर्टल म्हणजे पार्ट नव्हे.

कंपन्या म्हणतात, ब्रेक ही जिवाशी गाठ आहे, कुणाच्याही हाती कसा द्यायचा? आक्षेप खरा आहे, पण तो उलट्या बाजूने लागू पडतो. नवा भाग मिळत नाही किंवा त्याची किंमत जुन्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडते, तेव्हा माणूस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीतल्या गाडीचा अॅक्च्युएटर शोधतो. तो तितकाच म्हातारा असतो आणि त्याने किती वेळा दाब सोसला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणजे माहिती झाकून धोका टळत नाही, तो फक्त कंपनीच्या दारातून कुर्ल्याला जातो. दुसरा आक्षेप पॅडच्या टिकाऊपणाचा: ब्रेक झिजतच नाही, मग भाग कशाला? पॅड झिजत नाहीत, कबूल. पण जून ते सप्टेंबर कोकणपट्टीच्या दमट हवेत कमी वापरली जाणारी डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना अडकतात, आणि पंप तर पॅड वापरा न वापरा, राबतच असतो. राहिला तिसरा आक्षेप, की जुन्या हायब्रिड आहेतच किती? थोड्या आहेत. पण 2022 पासून ग्रँड व्हिटारा, हायरायडर, हायक्रॉस रस्त्यावर आल्या आहेत. एमएच-04 आणि एमएच-05 च्या पाट्या लावलेल्या या गाड्याही एक दिवस जुन्या होणारच. पंधरा वर्षांनी आरटीओ गाडी तपासून आणखी पाच वर्षांची नोंदणी देऊ शकतं. सरकार गाडीला चालायची मुभा देणार असेल, तर थांबायचा भाग, त्याचा नंबर, किंमत आणि बसवण्याची रीत तेवढी वर्षं उघड ठेवायचं बंधन कंपनीवर असायलाच हवं.

हे बंधन येईल तेव्हा येईल. तोवर हायब्रिड घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा मायलेजबरोबर ब्रेक अॅक्च्युएटरची आजची किंमत विचारा, तो किती वर्षं मिळेल हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.