हवेला वाट हवी

गेल्या उन्हाळ्यात हाउन्सलोच्या आमच्या परसात नातू बार्बेक्यू पेटवत होता. पिशवीच्या तळातली कोळशाची भुकटीही त्याने वर ओतलेली. डोक्यावरून हीथ्रोची विमाने जात होती आणि हा पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घालत होता. “आजोबा, हे पेटतच नाही!”

“भुकटी काढ. हवेला वाट दे,” मी म्हणालो, आणि मन चाळीस वर्षे मागे गेले.

तेव्हा मी भारतात एका पोलाद कारखान्याच्या सिंटर विभागात नवा इंजिनीअर होतो. लोहखनिजाचा चुरा तसाच झोतभट्टीत टाकला तर भट्टीचा श्वास कोंडतो. म्हणून त्यात चुनखडी, कोकचा चुरा आणि पाणी घालून फिरत्या ड्रममध्ये बारीक गोळ्या करतात. सरकत्या जाळीवर त्यांचा अर्धा मीटरभर थर पसरून वरून पेटवतात आणि खालून पंख्याने हवा ओढतात. आग खाली उतरत जाते. १३०० अंशांच्या आसपास कण एकमेकांना चिकटतात.

एका पावसाळ्यात खनिज फार ओले आले. आग तळाला पोहोचेना. मी पंख्याचा जोर वाढवायला सांगितला. ड्रमवरच्या मामांनी मिश्रण मुठीत दाबून पाहिले. “साहेब, चिखल झालाय. पाणी कमी करा. नुसतं ओढून काय होणार?”

मी ऐकले नाही. वरची वाफ खालच्या गार थरात पुन्हा पाणी झाली, गोळ्या मोडल्या, थर दबला. हवा भेगांतून आणि कडेच्या भिंतींलगत सोप्या वाटेने निघून गेली. पाळीचा माल तळाशी कच्चाच राहिला. रिपोर्टमध्ये मी लिहिले, ‘कारण : ओले खनिज’. मामांच्या सल्ल्याचा उल्लेखही नाही.

खरे तर अर्गन यांचे १९५२ चे समीकरण मी कॉलेजात घोकले होते. हवेचा वेग दुप्पट करायला ओढ दुपटीहून अधिक लागते. कणांमधली पोकळी जराशी वाढली तरी काम सोपे होते. आणि आई नाही का कोळशाचा चुरा शेणात कालवून शेगडीसाठी गोळे वाळवायची? तेच शास्त्र!

बार्बेक्यूत हवा खालून वर जाते, तिथे वरून खाली; नियम एकच. नातवाने भुकटी काढून कोळसे मोकळे रचले. थोड्याच वेळात निखारे फुलले.

“आजोबा, तुम्हाला कसं कळलं?”

“एका मामांनी सांगितलं होतं,” मी म्हणालो. “तेव्हा मी ऐकलं नव्हतं.”