सुलतानाच्या स्वप्नातलं स्वयंपाकघर

'सुलतानाज ड्रीम' या कथेचं कौतुक ज्या कारणासाठी होतं, ते कारणच मला अजून खटकतं. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ही इंग्रजी कथा छापून आली. लेखिका रुकैया सखावत हुसैन पडद्यात वाढलेल्या, मोठ्या भावाच्या मदतीने घरच्यांच्या नकळत इंग्रजी शिकलेल्या. कथेत सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, विजेवर शेतं नांगरली जातात, हवेतून गाडी जाते. म्हणून 'बाईंनी हे सगळं किती आधी ओळखलं होतं!' अशी शाबासकी त्यांना मिळते. विज्ञानकथेचं मोल खऱ्या ठरलेल्या भाकितांवरून करायचं, ही आपली खोड मोडत नाही. त्यात कथेचं खरं म्हणणं मात्र ऐकायचं राहून जातं.

त्या कथेतलं स्वयंपाकघरच बघा. ते भाजीच्या मळ्यात आहे. टोमॅटोची झाडंसुद्धा तिथे शोभेची वाटतात. धूर नाही, धुराडं नाही, कोळसा नाही. हे कसं घडलं, याचा कथेतला हिशेब चोख आहे. कथेतल्या देशात राणीच्या हुकमाने मुलींच्या शाळा निघतात, बायकांची दोन विद्यापीठं उभी राहतात. एक विद्यापीठ ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा बनवतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवायला शिकतं. त्याच काळात पुरुष लष्करी बळ वाढवण्यात गुंतलेले असतात आणि बायकांच्या या शोधांना हसतात. माझ्या मते सगळी कथा इथे आहे. एखादा समाज कोणता शोध लावतो, हे प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाच्या हातात आहेत यावर ठरतं. चुलीचा धूर ज्यांच्या डोळ्यांत जातो त्यांच्या हाती विज्ञान आलं, तर धूर हा आधी सोडवायचा प्रश्न होतो. एरवी तो 'बाईच्या जातीला असायचाच' म्हणून पिढ्यान् पिढ्या चालू राहतो. अशी व्यवस्था माणसांनीच केलेली आहे आणि ती बदलता येते, हे निबंधातून सांगता येतं. पण तसं बदललेलं घर आतून हिंडून दाखवायला गोष्टच लागते.

यावर आक्षेप येतो की हे चांगलं जग कसलं? इथे बायका राज्य चालवतात आणि पुरुष मर्दान्यात, म्हणजे जनान्यासारख्या पडद्यात, कोंडलेले आहेत; म्हणजे तुरुंग तोच, फक्त कैदी बदलले. उत्तर असं की ही अदलाबदल वाचकाला बोचावी म्हणूनच केलेली आहे. पुरुषांना घरात डांबणं अन्याय वाटत असेल, तर बायकांना डांबणं रीत कशी ठरते? तरीही हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. शेजारच्या राजाची फौज चालून येते तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख आपल्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणांगणावर जातात आणि साठवलेलं ऊन शत्रूवर सोडतात. अन्न शिजवणारी तीच उष्णता शस्त्र होते. युद्धाला हसणारं राज्य युद्ध जिंकूनच उभं राहतं, ही गाठ कथेत सुटत नाही. मला ती सुटलेली नकोही आहे. निर्दोष जगाचं चित्र बघून माणूस मान डोलावतो आणि पान उलटतो. असं अर्धवट जग मात्र आपल्याला वाद घालायला लावतं.

दुसरा आक्षेप असा की चांगल्या जगाच्या कल्पनेने काही बदलत नाही, वाईट जग दाखवणाऱ्या कथांतले धोक्याचे इशारे तरी उपयोगी पडतात. इशारे हवेतच. पण काय नको एवढंच ठाऊक असलेला समाज मागणार काय? रुकैयांनी १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा सुरू केली तेव्हा विद्यार्थिनी होत्या जेमतेम आठ. कथेमुळे शाळा निघाली असा दावा मी करणार नाही. पण जी मागणी कथेत राणीच्या हुकमाने पुरी झाली, तिच्यासाठी त्या स्वतः १९३२ साली मृत्यू येईपर्यंत झटल्या.

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: यंत्रं खुशाल रंगवा, पण ती कुणाच्या मालकीची आणि त्यांनी कुणाचे कष्ट वाचले, हेही लिहा. आपल्या देशातल्या असंख्य घरांत चूल आजही धुरातच पेटते.