मोरचुदात बुडवलेला विळा

7 ऑगस्ट
चार दिवस झड. नारोशंकराच्या देवळाकडे गेलो होतो. घंटा 1721 सालची, पोर्तुगिजांची. चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर इकडे आली. एवढे पावसाळे गोदेकाठी उघड्यावर काढूनही टिकली, कारण ब्राँझवर हवेने जो थर धरतो तो अंगाला घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूपर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही. लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तो फुगतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं. घाटावरच्या एका कठड्याचा रंग तसाच फुगून आलेला. नखाने उचकटला तर खाली सगळा भुगा.

29 ऑगस्ट
गौरींसाठी भांडी काढली. ताम्हनाला चिंच-मीठ लावलं की काळा थर चिंचेच्या आम्लात विरघळतो, लखलखाट होतो. मात्र लगेच धुऊन कोरडं पुसायला हवं, नाहीतर संध्याकाळपर्यंत डाग. आईला रोज घासायची हौस. माझ्या मते सणावारी पुरे. तो थर म्हणजेही शेवटी तांबंच, ते मोरीत जातं.
चांदीच्या निरांजनाची गोष्ट वेगळी. ते काळं पडतं तो थर प्राणवायूचा नसतो, गंधकाचा असतो. द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधक धुरळतात, तिथे काम करणाऱ्या बायकांची जोडवी काळी पडतात ती त्यामुळेच.

11 ऑक्टोबर
दिंडोरीला दादाच्या द्राक्षबागेत. गोडी छाटणी उरकली, डाऊनी रोगाच्या धास्तीने आज एक टक्का बोर्डोची फवारणी: शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. दोन्ही प्लास्टिकच्या ड्रमात वेगवेगळं भिजवलेलं. एकत्र केल्यावर गड्याने घासलेला विळा बुडवला, थोडं थांबून बाहेर काढला. पात्यावर तांबूस झाक.
"भाऊ, चुना कमी पडला."
चुन्याची निवळी ओतली, ढवळलं, विळा घासून पुन्हा बुडवला. या वेळी पातं पांढरंच.
ती झाक म्हणजे खरंखुरं तांबं. लोखंड आपले इलेक्ट्रॉन मोरचुदातल्या तांब्याला देऊन स्वतः विरघळतं. गंजतानाही ते इलेक्ट्रॉनच देतं, फक्त तिथे घेणारा हवेतला प्राणवायू. रसायनशास्त्राच्या तासाला आम्हाला हे कुणी विळ्यावर दाखवलं असतं तर! चुना कमी असलेला बोर्डो कोवळी फूट जाळतो, शिवाय मांडवाच्या तारेवरचा जस्ताचा मुलामा खातो.

12 ऑक्टोबर
मांडवाचा एक जुना लोखंडी अँगल वाकला म्हणून उपटला. वरचा भाग ठणठणीत, जमिनीत खोल गेलेलाही बरा. मातीच्या तोंडाशी मात्र कागदासारखा पातळ. ओल आणि हवा दोन्ही तिथे एकदम मिळतात. नवा मांडव घालणाऱ्यांनी एवढं करावं: अँगल पुरण्याआधी मातीच्या खाली-वर वीत-वीतभर डांबर लावावं, आणि ते वाळल्याशिवाय खड्ड्यात उतरवू नये.