नव्या घोड्याचे तीन आठवडे

मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशापासून घोडे येतात आणि विकले गेले की महाराष्ट्रभरच्या पागांमध्ये पोचतात. घोड्यांचा डॉक्टर म्हणून त्यापुढचा महिना मला धास्तीचा असतो. देखणी काठेवाडी घोडी घेतलेल्या मालकाला ती कधी एकदा आपल्या रांगेत बांधतो असं झालेलं असतं, आणि मी म्हणतो, तीन आठवडे थांबा.

स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराचा जंतू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला तीन दिवसांपासून दोन आठवडे लागतात. तोवर घोडा चंदी खातो, फुरफुरतो, झकास दिसतो. मग ताप चढतो, नाकातून पिवळा शेंबूड येतो, जबड्याखाली गळू धरतं. पण ताप आल्यानंतरही घोडा जंतू बाहेर टाकायला लागेपर्यंत साधारण एक-दोन दिवस जातात, आणि सगळी पागा वाचवायची संधी तेवढीच. म्हणून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा, त्याची दोरी चिमट्याने शेपटीच्या केसांना अडकवायची. पारा ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की मला फोन करायचा. जबड्याच्या दोन हाडांमधल्या खोबणीत बोटं कशी फिरवायची, हेही मी मोतद्दाराला शिकवतो. निरोगी घोड्याच्या गाठी लहान असतात, बोटांखालून सरकतात. सुजलेली गाठ गरम, टणक लागते आणि हात लागताच घोडा मान झटकतो.

ठाण लांब केलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण ऑस्ट्रेलियात २००७ साली जपानहून आणलेले घोडे सिडनीजवळच्या ईस्टर्न क्रीकच्या सरकारी विलगीकरण केंद्रात होते. घोडे आतच राहिले, इन्फ्लुएन्झा मात्र बाहेर पडला आणि हजारो घोड्यांना झाला. त्या देशात तो आजार त्याआधी कधी शिरलाच नव्हता. चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला की विषाणू बहुधा माणसांबरोबर किंवा सामानाबरोबर बाहेर गेला. म्हणून नव्या घोड्याजवळ मी आधी बादली बघतो. बादली, खरारा, लगाम, तोबरा, फावडं, सगळं त्याचं वेगळं हवं. पाण्याच्या नळीचं टोक त्याच्या बादलीत बुडता कामा नये. तीच नळी पुढे सगळ्यांच्या बादल्यांत जाते. मोतद्दार एकच असेल तर त्याने आधी जुन्या घोड्यांचं करावं, नव्याचं सगळ्यात शेवटी, आणि मग हात-पाय धुऊन कपडे बदलावेत.

ग्लँडर्स या दुसऱ्या संसर्गजन्य रोगाला तीन आठवडे पुरत नाहीत, तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. २००६ मध्ये तो पुण्यात आणि पाचगणीत पुन्हा निघाला. तो माणसालाही होतो, आणि दोषी ठरलेला घोडा मारावाच लागतो. म्हणून रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून तपासून घ्यायचा, आणि निकाल येईपर्यंत दावं सोडायचं नाही, तीन आठवडे उलटले तरी. चढ-उताराचा ताप असेल तर सर्रा हा परजीवीमुळे होणारा रोगही तपासावा लागतो, आणि तेही रक्ताच्या एकाच काचपट्टीवर भागत नाही, कारण ताप उतरलेला असताना रक्तात परजीवी सापडेलच असं नाही.

या सगळ्यात घोड्याचे हाल होतात, हे मला दिसतं. कळपातलं जनावर एकटं पडलं की खिंकाळत राहतं, घामाघूम होतं, दाण्याला तोंड लावत नाही. त्याला दुसरे घोडे दिसतील, पण नाकाला नाक लागणार नाही, अशी जागा शोधावी. विकणाऱ्याकडून त्याच्या रोजच्या चंदीची दोन पोती मागून घ्यावीत आणि आपला दाणा त्यात रोज थोडा थोडा वाढवत न्यावा. दाणा एकदम बदलला की पोटशूळ उठतो, आणि प्रवासाने शिणलेल्या घोड्याला तो फार जड जातो.